मिशनच्या शाळेत रुजू होणाऱ्या भाचीला

अगं, सोमवारी तू नगरच्या शाळेत रुजू होतेस, तेव्हा चार गोष्टी आजच कानावर घालते. यातल्या निम्म्या मला माझ्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंनी दिल्या होत्या. मी नुसत्या पुढे करते आहे.

परिपाठात प्रार्थना तू घेशील, सुरेख घेशील. पण डोळे मिटून कोण उभं आहे आणि कोण नाही, हे बघत बसू नकोस. तुझ्या वर्गात आपल्या मंडळीतली मुलं थोडीच असतील. अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला जबरदस्तीनं बसवता येत नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं, आणि प्रभूनंही कोणाला ओढून मागे नेलं नव्हतं. प्रार्थना दोन मिनिटांत संपव. येशूची शिकवण मुलांना कळायची ती त्यानंतरच्या सहा तासांत.

कळायची ती हजेरीवहीतून, हे मी तुला मुद्दाम सांगते. पाथर्डी-शेवगावकडची मुलं तुझ्या वर्गात असतील. मुकादमाची उचल घेतलेली असली की दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघतात, आणि मागे आजी नसली तर पोरंही बरोबर जातात. हंगाम संपून ती परत येतात तोवर वार्षिक परीक्षा डोक्यावर आलेली असते. हरवलेल्या मेंढराचा दाखला तू लहानपणापासून ऐकतेस ना? तो या मुलांसाठी आहे. निघण्याआधीच विचारून घे, कुठल्या कारखान्यावर जाणार, जवळ शाळा आहे का. मागे राहायची सोय होत असेल, हंगामी वसतिगृह असेल, तर स्वतः चौकशी कर. एखाद्या शहाण्या मुलीला, जो मुलगा गेला असेल त्याच्यासाठी वहीची जास्तीची प्रत लिहायला सांग. आणि तो परत येईल त्या दिवशी ‘इतके महिने कुठे होतास’ असं चारचौघांत विचारू नकोस. त्याचा बाक रिकामा ठेवलेला असू दे, बस. तो मेंढपाळ मेंढराला खांद्यावर घेऊन आला, आधी जाब विचारला नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना कोणाची जात वर्गात मोठ्यानं विचारायची नाही. एकेकाला टेबलाशी बोलाव, किंवा कागद घरी दे. फी राहिलेल्यांची नावं वाचायची नाहीत. कोणी वरून सांगितलं तरी वाचायची नाहीत. पालकांना चिठ्ठी पाठव. झाडलोटीची पाळी हजेरी क्रमांकानं लाव, मुलगे धरून. ठराविक घरातल्या मुलांच्याच हातात खराटा जातो का, ते डोळ्यांत तेल घालून बघ. ख्रिस्ती शाळांतही जात शिरते, हे मी पाहिलं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

मारणं तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंच बंद आहे. टोचून बोलणंही त्याच कायद्यात बसतं, हे मात्र शिक्षक सोयीनं विसरतात. तुझा राग चुकीच्या मुलावर निघाला, तर माफी खासगीत मागू नकोस. रागावलीस वर्गासमोर, तर माफीही वर्गासमोरच.

पाळकसाहेबांचा मुलगा किंवा ट्रस्टींची नात तुझ्या वर्गात आली तर गुण देताना हात जड नको आणि सैलही नको. नाताळच्या नाटकात मरियेची भूमिका दरवर्षी गोऱ्या मुलीलाच मिळते; यंदा जिचं पाठांतर चांगलं तिला दे. शिपाईमावशींना अहो-जाहो कर, आणि डबा खाताना बोलाव. शिक्षकखोलीत कोणाच्या घरचं रडगाणं चघळलं जात असेल तर वह्या तपासायला वर्गात जाऊन बस.

तुला कधी वाटेल, एवढं करून काय झालं? आपल्या नगरच्या मिस फरार आठव. १८३९ साली त्या इथे आल्या आणि १८६२ साली वारल्या तोवर मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्यांची इथली शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून फरारबाईंचं काम फुकट गेलं असं म्हणायची माझी तरी छाती नाही. मंडळीत कोणी विचारलं, ‘तुमच्या शाळेतून किती जण प्रभूकडे आले?’, तर शांतपणे सांग, वर्गातली अमकी अकरावीला गेली, तमक्याचं लग्न थांबवलं, एकजण नर्सिंगला आहे.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षीची हजेरीवही मागून घे. दिवाळीनंतर कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी आहे, ती नावं वेगळ्या कागदावर उतरव आणि त्या घरी जाऊन ये. दिवाळी यायला अवकाश आहे तोवरच जा.