रस्त्याचा हक्क

माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. आदरणीय प्रेषितांनी (स.) सहाबांना रस्त्यांवर बैठका मांडण्यापासून सावध केले. त्यावर, तेथे बसल्यावाचून आमचे भागत नाही, आमची बोलणी तेथेच होतात, अशी अडचण सहाबांनी मांडली. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, बसणे भागच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. रस्त्याचा हक्क तो कोणता, असे विचारल्यावर त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या : नजर खाली ठेवणे, कोणास इजा न पोहोचविणे, सलामला उत्तर देणे, भलाईची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे.

ही हदीस शिकविताना आपण बहुधा नजरेच्या आदेशावर अधिक वेळ थांबतो. या अभ्यासात दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे इजा रोखून धरण्याकडे, पाहू. रस्त्याच्या कडेला निवांत बसलेल्या माणसावर जर हे बंधन असेल, तर त्याच रस्त्यावरून वेगाने वाहन नेणाऱ्या माणसावर ते किती अधिक असेल, याचा विचार व्हावा.

पायी चालणाऱ्याचा हक्क

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 32,825 जण पायी चालणारे होते. म्हणजे रस्त्यावर प्राण गमावणाऱ्या दर पाच माणसांत जवळपास एक जण असा होता, की ज्याच्या हाती कोणतेही वाहन नव्हते आणि ज्याच्यापासून इतरांच्या प्राणास धोकाही नव्हता.

कायद्याने या दुर्बळाची बाजू घेतली आहे. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा झेब्रा क्रॉसिंगजवळ येताच चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पायी चालणाऱ्यास तसेच चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीस आधी जाऊ द्यावे. पुढे वाहने खोळंबली असतील आणि आपले वाहन झेब्रा क्रॉसिंगवरच अडकून पडणार असेल, तर त्या पट्ट्यांवर शिरू नये. पदपथावरून वाहन नेण्यासही मनाई आहे.

या नियमाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवणारी म्हातारी आपल्याकडे सवलत मागत नसते. ती जागा आणि तो क्षण तिचा असतो. आपण ब्रेक लावतो तेव्हा तिच्यावर उपकार करीत नाही, तिची वस्तू तिला देतो. आणि हॉर्न वाजवून, दिवे चमकवून तिला मागे सारतो तेव्हा आपण तिचा हक्क हिरावून घेतो. शरीअतच्या भाषेत ही बाब 'हुकूकुल इबाद' म्हणजे माणसांच्या हक्कांत मोडते. अल्लाहच्या हक्कात झालेली चूक पश्चात्तापाने माफ होण्याची आशा असते; माणसाचा हक्क मात्र त्या माणसाकडूनच माफ करवून घ्यावा लागतो. रस्त्यात ज्याला दचकवले, ढकलले, जखमी केले, त्याला नंतर शोधणार कोठे?

फिक्हचे सूत्र

कोणी म्हणेल, मोटारी तर आज आल्या. जुन्या ग्रंथांत त्यांचा निर्णय कसा असेल? मोटारी नव्हत्या, परंतु घोडे, उंट आणि गर्दीचे बाजार होते. हनफी फिक्हचा सुप्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया' यात जनावराकडून होणाऱ्या इजेचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे मूलतत्त्व असे दिले आहे की, सार्वजनिक रस्त्यावरून जाणे वैध आहे, मात्र ते इतरांच्या सुरक्षिततेच्या अटीने बांधलेले आहे. म्हणून स्वाराचे जनावर कोणास तुडवील तर भरपाई स्वारावर येते. 'मी मुद्दाम केले नाही' हे उत्तर तेथे पुरत नाही, कारण प्रत्यक्ष कृती करणारा हेतू नसतानाही भरपाईस जबाबदार असतो.

आधुनिक काळातील विद्वानांनी हाच धागा पुढे नेला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1993 साली ब्रुनेई येथील अधिवेशनात वाहतूक अपघातांवर ठराव केला. शरीअतच्या आदेशांना बाधा न आणणारे वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीअतच्या दृष्टीने आवश्यक आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा लाल दिवा तोडणारा केवळ दंडाच्या पावतीचा धनी होत नाही. दीनच्या दृष्टीनेही तो दोषी ठरतो.

घाई आणि सकीनत

अखेरच्या हजच्या प्रसंगी अरफातहून मुजदलिफाकडे निघताना प्रेषितांच्या (स.) मागे प्रचंड जनसमुदाय होता. लोक ओरडत होते, उंटांना मारून पळवीत होते. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना शांतपणे चालण्याची सूचना केली आणि पुण्य वेगाने धावण्यात नसते हे समजावले. त्या प्रवासात त्यांच्या मागे उंटिणीवर बसलेले माननीय उसामा बिन जैद (रजि.) सांगतात की, गर्दी असताना प्रेषित (स.) मध्यम गतीने चालत आणि मोकळी जागा मिळाली की वेग वाढवीत. मुस्लिमच्या संग्रहात माननीय जाबिर (रजि.) यांचे कथन आहे की, उंटिणीचा लगाम त्यांनी इतका ओढून धरला होता की तिचे डोके पुढच्या खोगिराला लागत होते.

वेग रस्त्यावरील माणसांच्या संख्येने ठरावा, आपल्या मनातील घाईने नव्हे, हा धडा यातून मिळतो. हजसारखी इबादतही त्या घाईचे समर्थन करू शकत नाही. नमाजसाठी येतानाही धावत न येता सकीनत म्हणजे शांतता राखून यावे, जेवढी जमाअत मिळेल तेवढी पढावी आणि उरलेली पूर्ण करावी, अशी शिकवण आहे. मग पहिली रकअत चुकेल म्हणून किंवा इफ्तारची वेळ झाली म्हणून भर चौकातून मोटारसायकल दामटणाऱ्याने आपण कोणती सुन्नत पाळीत आहोत, हे स्वतःस विचारावे.

'तकदीर होती' म्हणण्याआधी

अपघातानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते : अल्लाहची मर्जी, तकदीर होती. ज्या घरातले माणूस गेले त्या घरासाठी हे वाक्य सब्रचा आधार आहे. ज्याच्या हाती वाहन होते, त्याने मात्र ते ढालीसारखे पुढे करू नये. सूरह अन-निसाच्या 92व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा आदेश आला आहे. मृताच्या वारसांना दियत म्हणजे रक्तमूल्य द्यावे, वारसांनी ते सोडून दिले तर वेगळे. आणि कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करावा, तो नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत. हेतू नसलेल्या हत्येवरही अल्लाहने साठ दिवसांच्या आसपास रोजांचे प्रायश्चित्त ठेवले, यावरून एका जिवाचे मोल कळावे. एखाद्या विशिष्ट अपघातात दोष कोणाचा आणि कफ्फारा कोणावर, हे त्या घटनेच्या तपशिलावर ठरते. ते जाणकार मुफ्तींना विचारावे. परंतु न्यायालयातून सुटलो म्हणजे सर्व हिशेब मिटला, असे कोणी समजू नये.

मशिदीच्या दारातून सुरुवात

अबू दाऊद यांच्या संग्रहात येते की, एका मोहिमेत लोकांनी मुक्कामाची जागा अडवून रस्ता बंद केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) जाहीर करविले की, असे करणाऱ्याचा जिहाद जिहादच नव्हे. एवढ्या मोठ्या कर्मावर रस्ता अडविण्याने पाणी पडत असेल, तर जुमाच्या दिवशी पदपथावर आणि झेब्रा क्रॉसिंगवर आडवी लावलेली आपली वाहने आपल्या नमाजचे काय करीत असतील? रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवितो. ती वस्तू केवळ काटा किंवा दगड नसते. कधी ती आपलीच मोटारसायकल असते.

दुसरी बाब पालकांची. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणे हे लाड नव्हेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अशा मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड अशी शिक्षा आहे. संतती अमानत आहे, आणि रस्त्यावरील दुसऱ्याची संततीही अमानतच आहे.

पायी चालणाऱ्यावरही कर्तव्य आहे. स्वतःला आपल्या हातांनी विनाशात न लोटण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या 195व्या आयतीत आहे. जेथे झेब्रा क्रॉसिंग आहे तेथूनच रस्ता ओलांडावा, दुभाजकावरून उडी मारू नये, मोबाईल पाहत चालू नये, लहान मुलाचा हात घट्ट धरावा. तवक्कुल उंट बांधून करावयाचा असतो.

सूरह अल-फुरकानमध्ये रहमानच्या दासांची लक्षणे सांगताना सर्वांत आधी त्यांचे जमिनीवरून नम्रपणे चालणे आले आहे. आज आपण चाकांवरून चालतो, म्हणून ती नम्रता चाकांतही दिसली पाहिजे. घरातील मोठ्यांनी या आठवड्यात एवढे करावे : मुलांना सोबत घेऊन जाताना झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवावी, पायी जाणाऱ्यास आधी जाऊ द्यावे आणि हा त्याचा हक्क असल्याचे मुलांना सांगावे.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या बंद्यांचे हक्क ओळखण्याची आणि अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.