संमोहन : परतीची वाट

संमोहन हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगमंचावरचा खेळ उभा राहतो. जादूगार कुणाला तरी वर बोलावतो, 'झोप, झोप' म्हणतो आणि तो बिचारा कच्चा बटाटा सफरचंद समजून खातो. प्रेक्षक हसतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसत होते. प्रस्तुत लेखात मात्र संमोहनाच्या एका फारशा परिचित नसलेल्या उपयोगाविषयी लिहावयाचे आहे. सायकेडेलिक, म्हणजे जाणिवांचे रूपच पालटून टाकणाऱ्या द्रव्यांच्या अनुभवाने काही माणसे भेदरून जातात. त्यांना सावरण्यासाठी संमोहनाचा आधार कसा देता येतो, हा तो विषय. तो मला पुस्तकात भेटला नाही, आमच्या पडवीत भेटला.

आमच्या दोडामार्ग तालुक्यातली पुष्कळ मुले कामासाठी गोव्यात जातात. माझा चुलतभाऊ (त्याला मी दादा म्हणते) किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात होता. एका रात्री सोबत्यांच्या आग्रहाखातर त्याने एल.एस.डी.चा कागदी तुकडा जिभेवर ठेवला. ती रात्र त्याला संपता संपेना. भिंती श्वास घेऊ लागल्या, स्वतःचे हात परक्याचे वाटू लागले. तेवढ्यात कोणी तरी म्हणाले, "ह्यो आता येडो जातलो." नशा दुसऱ्या दिवशी उतरली, ते वाक्य उतरले नाही. घरी आल्यावर दोन महिने त्याला धड झोप नव्हती. "डोळे मिटले काय मी परत थंयच जातंय," एवढेच तो सांगे.

आजीने घाड्याला बोलावले. गाऱ्हाणे सुरू झाले आणि 'व्हय म्हाराजा'च्या संथ ठेक्यात दादाचा श्वास सावकाश होताना मी पाहिला. पण शेवटी "पोराक भायरची बाधा आसा" असे शब्द निघाले आणि तो पुन्हा थरथरू लागला. हेतू वाईट नव्हता. परंतु एकाच आवाजाने त्याला आधी निववले आणि मग घाबरवले, ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच काका म्हणाले, "तू शिकतंस मां? मग तूच सांग काय ता."

द्रव्य आणि भीती

एल.एस.डी. हे द्रव्य आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने 1938 साली बाझेल येथे तयार केले. त्याचा गुण त्याला 1943 मध्ये कळला. 19 एप्रिल रोजी त्याने स्वतःवर प्रयोग म्हणून 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा अवघा चौथा हिस्सा घेतला आणि सहायकासह सायकलवरून घर गाठले. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला मुखवटा घातलेली चेटकीण भासली. आपल्याला वेड लागले, आपण मरणार, असे त्याला वाटले. डॉक्टर आले. त्यांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच वावगे आढळले नाही. हळूहळू भीती ओसरली. पहिल्या हेतुपुरस्सर प्रयोगातच भीतीही होती आणि शेजारी बसणारा माणूसही होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

असे अनुभव विरळा नाहीत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सायलोसायबिन असलेल्या अळंब्यांमुळे कठीण अनुभव आलेल्या 1,993 जणांनी तीत उत्तरे दिली होती. 39 टक्के लोकांनी हा अनुभव आयुष्यातील सर्वांत कठीण अशा पाच प्रसंगांत गणला. तरीही त्यातून काही लाभ झाला असे म्हणणारे 84 टक्के होते. मात्र ज्यांच्या अनुभवाला वर्ष उलटून गेले होते, त्यांपैकी 7.6 टक्के लोकांना मागे राहिलेल्या मानसिक त्रासासाठी उपचार शोधावे लागले. दादा या शेवटच्या गटातला.

सूचनेचे सामर्थ्य

'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला तो मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी, 1843 च्या आपल्या ग्रंथातून. ग्रीक भाषेत 'हिप्नॉस' म्हणजे झोप. पण संमोहन ही झोप नव्हे. लक्ष एका ठिकाणी खिळणे, भोवतालचे भान मंदावणे आणि सूचनेला मन अधिक प्रतिसाद देणे, अशी ती अवस्था आहे. तिच्या जोडीचा मेस्मेरिझमचा मार्ग आपल्या देशातही वापरला गेला. गुंगीची औषधे प्रचारात येण्यापूर्वी, 1845 साली, जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने बंगालमधील हुगळी येथे त्याच्या आधारे शस्त्रक्रिया केल्या.

दोन्ही विषयांचा सांधा येथे आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये दहा निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात एल.एस.डी.च्या अमलाखाली माणसाची सूचनाक्षमता वाढते असे आढळले. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. प्रयोग लहान आहे. पण 'येडो जातलो' हे वाक्य दादाच्या मनात इतके खोल का रुतले, याचा काही उलगडा त्यातून होतो. जखम सूचनेने झाली असेल, तर फुंकरही सूचनेनेच घालता येईल, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे.

मलाही तो सुचला, आणि येथेच माझी चूक झाली. वाचनालयातून एक पुस्तक आणून मी एका दुपारी दादाला डोळे मिटायला लावले, आकडे मोजले आणि म्हटले, "आता त्या रात्री जा. काय दिसते ते सांग." तो गेला. त्याला परत कसे आणायचे हे मला ठाऊक नव्हते. घामाने भिजलेला दादा माझा हात घट्ट धरून ओरडत होता आणि काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या. ती दुपार मी विसरणार नाही.

पुढे वाचनात आले की फोगेल आणि हॉफर यांनी 1962 सालीच याविषयी लिहिले होते. संमोहनाने एल.एस.डी.चा अनुभव थांबवता येतो, तसाच पुन्हा उभाही करता येतो, हा त्यांच्या निबंधाचा विषय. मी अजाणता दुसरी गोष्ट केली होती.

उपचार कसा होतो?

अखेर दादाला रुग्णालयात नेले. मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आधी संमोहनाचे नावही काढले नाही. झोप, भूक, आवाज ऐकू येतात का, घरात कुणाला मनोविकार होता का, असे सर्व विचारले. हे आवश्यकच असते, कारण तीव्र मनोविकाराची लक्षणे असतील तर संमोहन घातक ठरू शकते. मग संमोहनाचे शिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांकडे सहा बैठका झाल्या. दादाच्या आग्रहावरून मी कोपऱ्यात बसत असे.

पहिल्या बैठकीत डोळे मिटायचेच नव्हते. जमिनीला टेकलेली पावले जाणायची, श्वास सावकाश सोडायचा. "तुम्ही केव्हाही थांबू शकता," हे सरांनी तीनदा सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांनी निवांत जागा विचारली. दादाने घरामागचा व्हाळ सांगितला. पाणी कसे वाजते, दगड किती गार आहे, हे तोच सांगत होता. सर केवळ त्याचेच शब्द परत देत होते. अंगठा आणि तर्जनी जुळवली की जागे व्हायचे, ही खूण ठरली. आत जाणे आणि बाहेर येणे याचा सराव अनेकदा झाला. पाचव्या बैठकीत, व्हाळाकाठी बसून, ती रात्र दूरच्या पडद्यावर पाहावी तशी त्याने थोडी पाहिली आणि स्वतःच खूण करून परत आला. ते 'येडो जातलो' हे वाक्य तेव्हा त्याने मोठ्याने उच्चारले आणि म्हणाला, "ता त्येचा भय होता, माझा नाय."

सरांनी त्याला तेथे काय दिसले याचा अर्थ सांगितला नाही, विसरलेले काही उकरून काढले नाही. याला कारण आहे. संमोहनात आठवलेली गोष्ट अधिक खरी असते असे नाही, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 1985 च्या अहवालाने स्पष्ट केले आहे. उलट खोट्या आठवणीवरचा विश्वास दृढ होण्याचा धोका असतो. भेदरलेल्या माणसाला कोणी देवाचा संकेत सांगावा वा बाधा सांगावी, दोन्ही सारखेच अयोग्य.

या विशिष्ट कामी संमोहनाच्या मोठ्या चाचण्यांचे पाठबळ नाही, हेही प्रांजळपणे नमूद करते. एका दादावरून सिद्धांत मांडता येत नाही. काळ, औषध, घरची माणसे, यांचाही वाटा त्यात असेल. आज तो झोपतो, काजूच्या बागेत राबतो. कधी पांढऱ्या भिंतीवर रंगाची झाक दिसते म्हणतो. मग अंगठा-तर्जनी जुळवून पायाखालची जमीन पाहतो.

काकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : संमोहनाचे काम माणसाला आत ढकलण्याचे नाही, परतीची वाट त्याच्या हाती देण्याचे आहे, आणि ते शिकलेल्याच हातांनी व्हावे. आपण इतरांनी काय करावे? ही द्रव्ये कायद्याने निषिद्ध आहेत. पण पोलिसांच्या धास्तीने आजाऱ्याला कोंडून ठेवू नये. बेभान झालेल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवाही आहे. आणि शेजारी बसावे लागलेच, तर भाकीत करू नये. "हे औषधाचे काम आहे, ते उतरेल, मी इथेच आहे," एवढे म्हणावे. त्या रात्री दादाला हे कोणी म्हटले असते तर?