दत्तजयंतीला सोबत जावं का?

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांपासून वेगळे राहतो. दत्तजयंतीला माणिकनगरला सगळं घर जमेल. सासूबाई आजारी आहेत, म्हणून आम्ही वेगळे राहतो हे तिथं कुणाला कळू द्यायचं नाही, असं हे म्हणतात. सोबत दिसलो तर कोर्टात अडचण येईल का? – एक वाचक, भालकी

उत्तर : ताई, कोर्टाची भीती आधी काढून टाका. हिंदू विवाह कायदा, कलम १३ ब प्रमाणे संमतीच्या घटस्फोटासाठी अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. पण छप्पर एक असलं तरी नवरा-बायको म्हणून न नांदणं म्हणजेच वेगळं राहणं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलं आहे. दोन दिवस नातेवाइकांत सोबत वावरल्याने ते वर्ष मोडत नाही.

मला काळजी वेगळी वाटते. गप्प राहणं चालेल; जोडीनं पूजेला बसणं, नव्या सुनांना संसाराचे सल्ले देणं टाळा. त्याचा त्रास तुम्हालाच होईल. थोरल्या जाऊबाईंना आधी विश्वासात घ्या, म्हणजे झोपण्याची सोय बायकांत होईल. मुलं असतील तर त्यांना खोटं बोलायला मुळीच लावू नका. आणि सासूबाईंना जरा बरं वाटलं की तुमच्या यजमानांनीच त्यांच्याजवळ बसून सांगावं. भालकीच्या बाजारातून त्यांच्या कानी जायला नको.