रात्रीचं दूध आणि दिवसाचा घास



मंडळाच्या कार्यक्रमात कडेवर बाळ घेऊन कोणी आलं की नावानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला: "रात्री झोपतं का हो?" आमची लेक साडेआठ महिन्यांची असताना या प्रश्नावर आम्ही दोघं नुसतंच कसनुसं हसायचो. ती रात्रीत पाच वेळा उठायची, आणि सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये आम्ही झोपायचो!

सल्ल्यांची मात्र कमी नव्हती. पुण्याहून आजी फोनवर सांगायच्या, "पोट भरत नसेल गं तिचं, संध्याकाळी मऊ भात भरव." एका ओळखीच्या जर्मन बाईंनी सांगितलं, "उष्टावण झालं ना? मग आता रात्री दूध नको. पाणी द्या, चार दिवस रडेल आणि शिकेल." दुकानात तर 'गुटे नाख्ट' म्हणजे शुभरात्री असं लिहिलेले ब्रायचे डबेच मिळतात. आम्ही तिन्ही उपाय केले. जागरणं पाचच राहिली.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपेबद्दल एक अक्षर न विचारता आधी तिला वजनकाट्यावर ठेवलं. दोन महिन्यांत सुमारे सहाशे ग्रॅम वाढायला हवं होतं; वाढलं होतं फक्त दोनशे. पिवळ्या पुस्तिकेतली वजनाची रेघ आडवी झाली होती. आणि आम्ही तिला रात्री दुधाऐवजी पाणी पाजत होतो! त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघंही गप्प होतो.

ही वेळ इतरांवर येऊ नये, म्हणून नंतर जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे मांडतो आहोत.

एक नव्हे, दोन प्रश्न

आमची मूळ चूक ही की "बाळ उठतं" आणि "बाळाला भूक लागते" हे आम्ही एकच समजत होतो. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि चक्र संपलं की ते थोडंसं जागं होतं. अमेरिकेतले संशोधक थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात बाळांच्या झोपेचं रात्रभर चित्रण केलं. त्यात दिसलं की "रात्रभर झोपतो हो आमचा" असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, ती बाळंही उठतात. काही हाक मारतात, काही आपली आपण पुन्हा झोपतात, एवढाच फरक. आठव्या महिन्याच्या आसपास रांगणं, दात आणि आई दिसेनाशी झाली की वाटणारी भीती, हे सगळं एकदमच सुरू होतं. त्यामुळे हाका वाढतात.

मग वरचं अन्न दिल्याने झोप लागते का? ब्रिटनमध्ये २०१५ साली ६ ते १२ महिन्यांच्या बाळांच्या ७१५ आयांची पाहणी प्रसिद्ध झाली. ७८ टक्के बाळं रात्री किमान एकदा उठत होती, ६१ टक्के किमान एकदा दूध पीत होती. अंगावरचं दूध की डब्याचं, याने फरक पडत नव्हता. दिवसा जास्त दूध किंवा जास्त अन्न मिळालेली बाळं रात्री कमी प्यायची. पण उठायची तेवढीच! २०१८ मध्ये ब्रिटनमधलाच, १३०३ बाळांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या महिन्यापासून वरचं अन्न दिलेली बाळं थोडी जास्त झोपली. किती? तर जास्तीत जास्त १७ मिनिटं. संध्याकाळच्या एका वाटीने रात्र आवरत नाही, असा याचा सरळ अर्थ.

थोडा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या २०० वरच्या अन्नातून, म्हणजे उरलेल्या ४०० दुधातूनच. ९ ते ११ महिन्यांत वरच्या अन्नाचा वाटा ३०० होतो. थोडक्यात, उष्टावण झालं म्हणजे दूध संपलं असं नाही. वरच्या अन्नाला 'पूरक' आहार म्हणतात ते उगाच नाही.

आता आमच्या वाट्या पाहा. दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी उकडलेल्या गाजराचा लगदा. शंभर ग्रॅम गाजरात जेमतेम ३५ कॅलरी, आणि वरणाच्या पाण्यात तर बरंचसं पाणीच. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली मावतं. ती जागा पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवतं आणि आपल्याला वाटतं, पोट भरलं! त्यात लेक नुकतीच किटात जायला लागली होती. तिथे ती दूध नीट घेत नव्हती. दिवसभरातलं राहिलेलं दूध ती रात्री वसूल करत होती, आणि आम्ही नेमकं तेच बंद केलं.

आम्ही काय बदललं

१. रात्रीचं दूध पुन्हा सुरू केलं. आधी दिवस दुरुस्त करायचा, मग रात्र, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

२. अन्न घट्ट केलं. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये, इतकं. वरणाच्या पाण्याऐवजी डाळीसकट गुरगुट्या भात आणि वर चमचाभर तूप. एका लहान चमच्यातच ४५ कॅलरी असतात. इथल्या भाजी-बटाट्याच्या ब्रायमध्येही ८ ते १० ग्रॅम रेपसीड तेल घालायला सांगतात, ते याचसाठी.

३. लोह. जन्मापासूनचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो, म्हणून इथे ब्रायमध्ये मांस सुचवतात. आमच्यासारख्या शाकाहारी घरात मांसाऐवजी ओट्स, शिवाय डाळी, आणि सोबत थोडा संत्र्याचा रस, म्हणजे लोह अंगी लागतं.

४. किटातून आणल्यावर पहिली दहा मिनिटं फोन बाजूला, शांत खोलीत दूध. झोपण्याआधी पुन्हा एकदा.

५. रात्री प्रत्येक हाकेला दूध नाही. नुकतंच प्यायलेली असेल तर आधी बाबा जाऊन थोपटणार.

तीन आठवड्यांत पाचाची दोन जागरणं झाली आणि वजनाची रेघ पुन्हा चढू लागली. ती दोन मात्र राहिली. चौदाव्या महिन्यात तीही आपोआप गेली, त्याचं श्रेय आमचं नाही.

हे विसरू नका

वर्षाच्या आत मध देऊ नये. झोप लागावी म्हणून बाटलीतल्या दुधात पीठ कालवू नये. रात्री पाजताना सोफ्यावर डोळा लागू देऊ नका. बाळासाठी ती फार धोक्याची जागा आहे. वजन वाढत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, बाळ घोरत असेल किंवा मलूल वाटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. यू-५ तपासणी ६-७ व्या महिन्यात, यू-६ थेट १०-१२ व्या. मधल्या काळातच वरचं अन्न रुळतं, म्हणून शंका आली तर यू-६ ची वाट न बघता वजन करून घ्या.

हेबामे केवळ बाळंतपणापुरती नसते. अंगावर पाजत असाल तोवर आहाराच्या प्रश्नांसाठी तिच्या आणखी काही भेटी इथला सरकारी आरोग्य विमा देतो. आणि अगदी असह्य झालं, तर बाळाला त्याच्या पलंगात पाठीवर ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. बऱ्याच शहरांत 'श्राय-आम्बुलान्झ' म्हणजे रडणाऱ्या बाळांसाठी सल्ला केंद्र असतं. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

या पुस्तिकेच्या निमित्ताने आपण निधी गोळा करतो आहोत, म्हणून शेवटी एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ६ ते २३ महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळत होता. आमच्या घरात डाळ होती, तूप होतं, काटा आणि डॉक्टरही होते. नव्हती ती फक्त माहिती. जिथे यातलं काहीच नाही, तिथल्या आईची रात्र कशी जात असेल, याचा विचार आता आमच्या मनातून जात नाही.

तुमच्या घरी बाळ रात्री उठत असेल, तर आज रात्री त्याला घ्या, पाजा. आणि उद्या सकाळी दिवसभरातल्या वाट्या मोजा.