भाग दोन कोणासाठी? जुनं गिऱ्हाईक, नवा माल आणि गेमच्या धंद्यातला धडा

मागच्या व्हिडिओत आपण दुकान वाढवताना जुनं गिऱ्हाईक का तुटतं हे बघितलं. वेळ कमी पडला, म्हणून त्याचा दुसरा अर्धा भाग इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आजचं उदाहरण तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. कॉम्प्युटर गेमचं आहे. "सर, आमचं किराणा दुकान, आम्हाला गेमचं काय?" असं म्हणू नका. धंद्यातली एक चूक या क्षेत्रात इतक्या स्वच्छ दिसते की दुसरीकडे इतकी कुठे दिसत नाही. आणि ती चूक मी स्वतः चिखल्यात केलेली आहे. तेही सांगतो.

आधी फरक समजून घ्या

गेम खेळणारे दोन प्रकारचे असतात. एक कॉम्प्युटरवाला. तो स्क्रीनपासून दीड-दोन फुटांवर बसतो, हातात माऊस आणि समोर पूर्ण कीबोर्ड. दुसरा कॉन्सोलवाला. त्याच्याकडे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असतो, तो टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर सोफ्यात बसतो आणि हातात मोजक्या बटणांचा कंट्रोलर असतो. यात चांगला-वाईट कोणी नाही. पण दोघांच्या गरजा वेगळ्या. एकाला बारीक अक्षर आणि भरपूर पर्याय चालतात, दुसऱ्याला मोठं अक्षर आणि कमी बटणं लागतात.

आता समजा एका कंपनीचा पहिला गेम कॉम्प्युटरवाल्यांनी उचलून धरला. नाव झालं, पैसा आला. भाग दोन काढताना कंपनीच्या लक्षात येतं की कॉन्सोलचा बाजार मोठा आहे. मग गेम कॉन्सोलच्या मापाने बेततात आणि तोच कपडा कॉम्प्युटरवाल्याच्या अंगावर चढवतात. बाही आखूड, गळा घट्ट. ज्याच्या जिवावर पहिला भाग चालला, त्यालाच दुसरा बसत नाही. राग येणार की नाही?

तीन प्रकरणं

पहिलं. 'डेउस एक्स' हा गेम २००० साली आला. मोठमोठे नकाशे, एकच काम करायच्या चार वाटा, पात्राची कौशल्यं वाढवायची सोय. कॉम्प्युटरवाले आजही त्याचं नाव आदराने घेतात. २००३ मध्ये त्याचा दुसरा भाग 'इनव्हिजिबल वॉर' आला, तो एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्हींसाठी एकत्र बनवलेला. त्या एक्सबॉक्सची मेमरी होती फक्त ६४ एमबी. त्यात बसावं म्हणून नकाशे छोटे झाले, आणि दर थोड्या वेळाने पुढचा भाग लोड व्हायची वाट बघणं आलं. कौशल्यांची पद्धत गेली. सगळ्या बंदुकांना एकच दारूगोळा झाला. कॉम्प्युटरवाल्याच्या मशीनमध्ये जागा होती, ताकद होती. तरी त्याला दुसऱ्याच्या मापाचं घर मिळालं.

दुसरं. 'क्रायसिस', २००७. फक्त कॉम्प्युटरसाठी बनलेला आणि इतका जड की नवीन कॉम्प्युटर घेतला की लोक विचारायचे, "यावर क्रायसिस चालतो का?" मार्च २०११ मध्ये 'क्रायसिस २' आला, तो कॉन्सोलवरही. चित्रांच्या ज्या बारीक सोयींसाठी लोक महागडं ग्राफिक्स कार्ड घेत, त्या सुरुवातीला नव्हत्या. ओरड झाली. जून २०११ मध्ये कंपनीने त्या सोयी मोफत अपडेटमध्ये दिल्या. म्हणजे देता येत होत्या. पहिल्या दिवशी दिल्या नाहीत, एवढंच.

तिसरं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २', १० नोव्हेंबर २००९. आधीच्या भागात कॉम्प्युटरवाले स्वतःचा सर्व्हर चालवायचे. म्हणजे आपला अड्डा, आपले नियम, रोजची ओळखीची मंडळी. दुसऱ्या भागात कंपनीने हा सर्व्हर काढून टाकला आणि कॉन्सोलसारखी आपोआप जोड्या लावणारी पद्धत आणली. ही बातमी कळली तेव्हा गेम यायला महिनाही उरला नव्हता. ऑनलाइन निषेधपत्रावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या लोकांचा राग फक्त एका सोयीसाठी नव्हता. गेम दुकानात मिळतच होता. पण जिथे रोज संध्याकाळी दहा-वीस जण जमायचे, तो कट्टा गेला होता. माल राहिला आणि बैठक मोडली.

मग कंपनीचं काय बिघडलं?

खरं सांगतो, काही बिघडलं नाही. हाच 'मॉडर्न वॉरफेअर २' पहिल्या २४ तासांत अमेरिका आणि ब्रिटन मिळून ४७ लाख प्रती विकला गेला. निषेध करणाऱ्यांपैकी कित्येकांनीही पहिल्याच दिवशी विकत घेतला, त्यावरून नंतर चेष्टाही झाली.

इथे पुष्कळ प्रशिक्षक गोष्ट अर्धवट सांगतात. "बघा, जुन्या गिऱ्हाइकाला दुखावलं आणि कंपनी बुडाली!" असं नसतं हो. कंपनीकडे हिशोब होता. एकच गेम दोन-तीन यंत्रांसाठी वेगवेगळा बनवणं महाग पडतं. कॉम्प्युटरवर चोरीच्या कॉपीची भीती. कॉन्सोलवर गिऱ्हाईक जास्त. म्हणून त्यांनी केलं ते त्यांच्या पुस्तकात बरोबर होतं.

प्रश्न असा आहे की तुमचं पुस्तक तेवढं जाड आहे का? त्यांना एक लाख लोक सोडून गेले तर दहा लाख नवे मिळतात. तुम्हाला चिखल्यात नवे दहा लाख कुठून आणणार? मॅंगनीजच्या खाणीवर काम करणारी कुटुंबं, आजूबाजूचे धानवाले शेतकरी, शाळा-कॉलेजची पोरं. झाली तुमची बाजारपेठ. त्यातले वीस जण दुखावून गेले तर ते गोबरवाहीला जातील, तुमसरला जातील. आणि गावात जो एक जातो, तो एकटा जात नाही.

आता माझं ऐका

चिखल्यात माझं छोटं नेट कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एकमेकांना वायरीने जोडलेले. संध्याकाळी पोट्टे यायचे, 'काउंटर-स्ट्राइक' खेळायला. तीन इकडे, तीन तिकडे. तासाला १५ रुपये. आरडाओरडा इतका की बाजूचा टेलर भिंत ठोकायचा.

२०१२ च्या दिवाळीला मी भाग दोन काढला. नागपूरहून दोन जुने कॉन्सोल आणले, दोन टीव्ही लावले, सोफा टाकला. जागा हवी म्हणून चार कॉम्प्युटर काढले. हिशोब सोपा होता. एका कॉन्सोलवर दोघे खेळतात, माणशी २५ रुपये, वीज कमी, व्हायरसची कटकट नाही. पहिल्या महिन्यात गल्ला खरंच वाढला. मी खूश.

जुन्या पोट्ट्यांना म्हटलं, "अरे, दोन कॉम्प्युटर ठेवलेत ना तुमच्यासाठी." त्यातला एक, ज्याचे वडील खाणीत कामाला होते, मला म्हणाला, "भाऊ, दोघांत कुठं मॅच होते का? तुमी दुकान बदलवलं का गिऱ्हाईक बदलवलं?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्याचं बरोबर होतं. तीन विरुद्ध तीनला सहा मशीन लागतात. मी दोन ठेवून गिऱ्हाईक ठेवलं असं समजत होतो, प्रत्यक्षात त्यांचा खेळच बंद केला होता. परदेशातल्या कंपनीने सर्व्हर काढला, मी चिखल्यात वायर काढली. चूक एकच.

खरी मार तीन महिन्यांनी बसली. हीच पोरं माझ्याकडे परीक्षेचे फॉर्म भरायची, बायोडाटा टाइप करून घ्यायची, घरच्यांचे सातबारा आणि दाखल्यांचे प्रिंट काढायची. गेमचे १५ रुपये हा त्यांचा छोटा खर्च होता. मोठा खर्च बाकीच्या कामांत होता, आणि तो माझ्या गेमच्या वहीत दिसतच नव्हता. ती गेली तशी सगळी कामं गेली. कॉन्सोलवाली गर्दी सुट्टीपुरती होती. शाळा सुरू झाल्या आणि सोफा रिकामा. २०१४ मध्ये मी शटर ओढलं.

मोबाईल आल्यावर ते दुकान तसंही बदलावं लागलंच असतं, हे मला माहीत आहे. पण बदलताना ती वीस-बावीस पोरं माझ्यासोबत असती, तर मी फॉर्म, प्रिंट, दुरुस्तीचं दुकान म्हणून उभा राहिलो असतो. गेम जाणारच होता. मी गेमसोबत माणसंही घालवली.

मग करायचं काय? चार नियम

१. "मोडायचं नाही" अशी यादी आधी करा. दुकानात नवीन काही आणण्याआधी जुन्या दहा गिऱ्हाइकांना विचारा, "आमच्याकडे तुम्ही कशासाठी येता?" उत्तर ऐकून चकित व्हाल. टपरीचा कॅफे करताय? करा. मोमो ठेवा, कोल्ड कॉफी ठेवा. पण पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस पाच मिनिटांत तर्री-पोहे खाऊन निघतो. त्याला मेनू कार्ड देऊन बसवलं तर त्याची पाळी चुकेल, आणि तो उद्या येणार नाही.

२. नव्यासाठी वेगळी मांडणी करा, जुन्याची कापून नको. 'डायब्लो ३' मे २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर आला. २०१३ मध्ये कॉन्सोलवर आणताना कंपनीने माऊसचा खेळ तसाच कोंबला नाही. कंट्रोलरसाठी चाल नव्याने बसवली, चटकन बाजूला उडी मारायची सोय दिली. दोन्हीकडचे लोक खेळले. तसंच 'बॅटलफिल्ड ३' मध्ये, २०११ साली, कॉन्सोलवर एका सामन्यात २४ खेळाडू, तर कॉम्प्युटरवर ६४. ज्याची जेवढी ताकद, त्याला तेवढं वाढलं. तुमच्याकडे क्यूआर कोड आला, छान. पण म्हणून नोट घेऊन आलेल्या आजीला "ऑनलाइनच करा" म्हणू नका.

३. थांबवायचं तर थांबवा, पण आधी सांगा आणि माल तोच द्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कॉन्सोलवर आला. कॉम्प्युटरवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. दोन महिने लोक थांबतात. रांगेत उभं राहायला माणसाची हरकत नसते. रांगेच्या शेवटी उरलंसुरलं हातात पडलं की हरकत असते.

४. चूक झाली तर विक्री थांबवा, पैसे परत द्या. 'बॅटमॅन : आर्कम नाइट' जून २०१५ मध्ये आला. कॉम्प्युटरवरची आवृत्ती इतकी अडखळत चालायची की काही दिवसांतच कंपनीने तिची विक्री थांबवली. दुरुस्त करून ऑक्टोबरअखेर परत आणली आणि ज्यांना नको त्यांना पैसे परत दिले. नाचक्की झालीच. पण खराब माल विकत राहण्यापेक्षा ती स्वस्त पडते. दुकानदाराने "एकदा घेतलेला माल परत नाही" ही पाटी लावण्याआधी हे आठवावं.

एक इशारा

जुन्या गिऱ्हाइकाची आठवण हे फार कडक माप असतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा लाडका गेम. तो नव्याने करायचं काम यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक आली आणि जुन्या चाहत्यांनी चित्रांच्या दर्जावर टीका केली. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं, जिथे मूळ गेम बनला होता. इथे कॉन्सोलचा वाद नव्हता. पण ज्या नावावर लोकांचं प्रेम आहे, त्या नावाने काही आणताना तयारी दुप्पट लागते. "बाबांच्या काळातलीच चव" अशी पाटी लावली की गिऱ्हाईक पहिला घास बाबांशीच तोलून बघतं.

गृहपाठ

वहीत तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात तुमच्या वीस जुन्या गिऱ्हाइकांची नावं. दुसऱ्यात ते मुख्य काय घेतात. तिसऱ्यात ते आल्यामुळे आणखी काय-काय विकलं जातं, आणि त्यांच्यासोबत कोण येतं.

तिसरा रकाना भरायला वेळ लागेल. लागू द्या. माझ्याकडे २०१२ मध्ये पहिले दोन रकाने होते, तिसरा नव्हता. दुकानात काहीही बदल करण्याआधी तो रकाना वाचा आणि प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा : "या बदलानंतर हा माणूस सहा जणांची मॅच खेळू शकेल का?"

उत्तर "नाही" आलं, तर अजून वायर काढू नका.

पुढच्या भागात बघू, जुन्या गिऱ्हाइकाला भाववाढ कशी सांगायची. तोपर्यंत वही भरून ठेवा.