बाहेरचा फिक्सेटर निवडताना: काय करावे, काय टाळावे

हाड मोडून जखम उघडी पडली, तिच्यात माती गेली किंवा सूज फार असली, की आत लगेच प्लेट घालणे धोक्याचे ठरते. अशा वेळी हाडात पिना बसवून कातडीबाहेरच्या सांगाड्याने ते धरून ठेवतात. सांगाडा कोणता, हे सर्जन ठरवतात. पण तो वागवायचा असतो रुग्णाला. म्हणून घरच्यांनी न संकोचता विचारावे.

काय करावे

• आधी काम ठरवून घ्या. जखम भरेपर्यंतच आधार हवा असेल, तर एका बाजूचा दांड्याचा फिक्सेटर बहुधा पुरतो. तो लवकर बसतो आणि मलमपट्टीलाही जागा राहते.
• हाडाचा तुकडा गेला असेल किंवा पाय आखूड झाला असेल, तर रिंग फिक्सेटरबद्दल विचारा. सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांच्या या पद्धतीत हाड रोज साधारण १ मिमी, तेही चार टप्प्यांत, लांबवतात.
• हाताच्या, बोटांच्या लहान हाडांसाठी ‘जेस’चा पर्याय विचारा. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ही हलकी रचना आहे.
• पिनेची जाडी हाडाच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असावी. जाड पिनेच्या भोकातून हाड पुन्हा मोडू शकते.
• पुढे प्लेट किंवा रॉड घालायचा असेल, तर पिना त्या जागेपासून दूर ठेवता येतील का, ते विचारा. एमआरआय लागणार असेल, तर तसे आधीच सांगा.
• घरची स्थिती सांगा: पिना कोण स्वच्छ करणार, रिंगचे नट रोज कोण फिरवणार, तपासणीला किती लांबून यायचे.

काय टाळावे

• ‘शेजाऱ्याला हाच लावला होता’ म्हणून किंवा केवळ किमतीवरून निवड.
• झिजलेले क्लॅम्प आणि एकदा वापरलेल्या पिना.
• दांडा कातडीपासून फार लांब ठेवणे. पकड सैल होते. अगदी चिकटूनही नको. सूज वाढली की तो रुततो.
• तात्पुरता सांगाडा विनाकारण लांबवणे. पिनेच्या वाटेने जंतुसंसर्ग झाला, तर पुढे आत रॉड घालणे जोखमीचे होते.
• घरी नट सैल करणे, हाडवैद्याकडून मालीश, लेप.
• तंबाखू आणि विडी-सिगारेट. हाड जुळायला उशीर लागतो.

पिनेभोवती लाली, पू किंवा ताप आला, पिन हलली, बोटे बधिर झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.