कुत्र्याला पिसवा झाल्यात? फवारणीचं औषध लावू नका



या आठवड्यात पिकांपेक्षा कुत्र्यांचेच फोन जास्त आले. दमट उकाडा वाढला की पिसवा वाढतातच, त्यात नवल नाही. पण एका दादांनी विचारलं, "सर, मिरचीला आणलेलं फिप्रोनिल उरलंय. कुत्र्याच्या औषधात पण तेच असतं म्हणे. थोडं पाण्यात टाकून चोळू का?" असं मनात येणारे दादा एकटे नसणार, म्हणून सगळ्यांना लिहितोय.

नका चोळू. दादांची माहिती चुकीची नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांच्या औषधात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, आणि हीच नावं आपल्या फवारणीच्या बाटल्यांवरही असतात. पण नाव एक असलं तरी औषध एक नसतं. पिकाच्या बाटलीतलं प्रमाण आणि त्यात मिसळलेली बाकीची रसायनं पानासाठी ठरवलेली असतात, कातडीसाठी नाही. त्यात कुत्रं अंग चाटतं, म्हणजे औषध थेट पोटात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस यांचं तर नावच काढू नका. गाईच्या गोचिडाचं औषधही अंदाजाने लावायचं नाही. डॉक्टरांनी कुत्र्याचं वजन बघून प्रमाण सांगितलं तरच. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते. आणि गाईला टोचून उरलेलं आयव्हरमेक्टिन पिसवांवर भरवशाचं नाही, उलट काही कुत्र्यांना ते बाधतं.

आधी पिसवाच आहेत का ते बघा. गोचीड कातडीला चिकटून बसते, पिसू केसांतून पळते आणि उडी मारते. शेपटीच्या बुडाशी, कमरेवर केस बाजूला करा. काळी भुकटी दिसली तर ती ओल्या पांढऱ्या कापडावर झटका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर लाल होत नाही.

आता मुख्य मुद्दा. हुमणी आठवा. कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा केले आणि जमिनीतली अळी तशीच ठेवली, तर ऊस वाचतो का? पिसवांचं अगदी तसंच आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते फक्त भुंगेरे समजा. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती गुळगुळीत असल्याने अंगावरून खाली पडतात. कुत्रं जिथं झोपतं तिथल्या धुळीत, गोणपाटात, भिंतीच्या फटीत त्यांतून अळ्या निघतात. अळी ती वाळलेली विष्ठा आणि कचरा खाऊन वाढते, मग कोषात जाते. हवा उबदार आणि दमट असली की साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी तयार.

कोष फार चिवट. त्याच्यावर औषध नीट चालत नाही, आणि आत तयार झालेली पिसू चाहूल लागेपर्यंत महिनोन् महिने थांबू शकते. शेतावरची बंद खोली उघडली की पायावर पटापट उड्या पडतात ना? आपल्या पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली म्हणून त्या बाहेर आल्या. म्हणूनच औषध दिल्यावर दहा-पंधरा दिवसांनी परत पिसवा दिसल्या तर लगेच दुकानदाराला शिव्या देऊ नका. त्या नव्याने निघालेल्या असतात.

म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करा. कुत्र्यासाठी पशुवैद्यकांकडून वजनानुसार औषध घ्या. फिप्रोनिलचे थेंब असतील तर खांद्यांच्या मध्ये केस फाकवून कातडीवर टाकायचे, आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. गोळ्याही मिळतात. अफॉक्सोलेनरची महिनाभर चालते, फ्लुरालेनरची साधारण तीन महिने. महाग वाटतात, पण राखणीच्या कुत्र्याला मला त्या सोयीच्या वाटतात, कारण पावसात भिजलं तरी औषध धुऊन जात नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना सांगा. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांचे उपचार एकदमच करा, पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीच नाही. परमेथ्रिनने मांजर मरतं. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना बारीक फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

जागेसाठी: बसायचं गोणपाट उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा, फारच जुनं असेल तर जाळून टाका. बाजेखालची, भुशाच्या खोलीतली, पायरीच्या आडोशाची धूळ झाडून जाळा. ऊन आणि कोरडेपणा अळीला सोसत नाही, त्यामुळे उघड्या अंगणापेक्षा सावलीच्या कोपऱ्यांवर जोर द्या. फटी लिंपून घ्या. हे दोन-तीन दिवसाआड, निदान महिनाभर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर घाला, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका.

शेळ्या असणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या. कुत्रं गोठ्यात झोपत असेल तर पिसवा करडांवर चढतात. लहान करडू रक्त कमी होऊन दगावू शकतं. करडाच्या हिरड्या, डोळ्याच्या आतली बाजू पांढरी दिसली तर थांबू नका.

कुत्र्याच्या गुदाजवळ तांदळासारखे कण दिसले तर तो टेपवर्म, पिसू गिळल्याने होतो. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या.

आणि कुणी फवारणीचं औषध लावलंच असेल, कुत्र्याला लाळ गळणं, उलटी, थरथर, झटके असं काही दिसत असेल, तर हातमोजे घालून साबण-पाण्याने अंग धुवा. तूप, दूध, तेल पाजू नका, उलटी काढू नका. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, डॉक्टरांना औषधाचं नाव दिसलं की उपचार लवकर सुरू होतात. जनावरांच्या सेवेचा टोल फ्री नंबर १९६२.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी